स्कॉटलंडचा आठवा गडी

"एक थेंब दाखवा! या माणसाच्या अंगात स्कॉटिश रक्ताचा एक थेंब दाखवा, मी आत्ताच्या आत्ता अध्यक्षपद सोडतो!"

अध्यक्ष ओरडत होते, आणि ज्याच्या अंगातल्या थेंबांची चौकशी चालली होती तो इसम मी होतो. कतारमध्ये, उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पुढे, खजुराच्या एका शेताला लागून असलेल्या मोकळ्या मैदानात, जानेवारीतल्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी अनवाणी उभा होतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. कमरेला बायकोची ओढणी आवळून बांधलेली, कारण कंबर परवाच शेकली होती. हातात मनगटाएवढ्या जाड दोराचं शेपूट. वजन एकशे बारा किलो, आणि त्यात नुकतंच जेवलेलं मटण धरलेलं नाही.

हे अध्यक्ष म्हणजे दोह्यातल्या स्कॉटिश मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचं खरं नाव चांगलं दीड ओळीचं आहे. पण जिथे वर्गणी असते, रुसवेफुगवे असतात आणि चहा कोणी आणायचा यावर तीन बैठका होतात, त्याला मी मंडळच म्हणतो. त्यांची इंग्रजी अशी की साध्या 'गुड मॉर्निंग'लाही समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकतो. माझे कान अकरा वर्षं त्या उच्चारांत मुरलेत, म्हणून मला शब्दन्‌शब्द कळत होता. न कळता तर बरं झालं असतं.

अकरा वर्षं म्हणजे माझ्या साहेबांच्या हाताखालची. आमच्या प्लँटवर जे काही फिरतं, पंप काय, कॉम्प्रेसर काय, ते साहेब बघतात. आणि साहेबांना मी बघतो. पोर्टाकॅबिनमध्ये आमची टेबलं समोरासमोर. साहेब स्कॉटलंडचे. उंच, वाळके, बोलणं मोजकं. रोज दहाच्या करक चहाला, म्हणजे इथल्या वेलचीच्या दाट गोड चहाला, मात्र त्यांच्या तोंडून आपल्या देशाचा इतिहास निघायचा, अर्धा कप एक शतक या वेगाने. अकरा वर्षांत मी एवढा इतिहास प्यायलो आहे की परीक्षा घेतली असती तर मी एडिंबरात पहिला आलो असतो. मधुमेह झाला तो निराळा.

तर दर जानेवारीत स्कॉटिश विरुद्ध आयरिश अशी रस्सीखेच व्हायची. आठ गडी या बाजूला, आठ त्या बाजूला. साहेब कतारला येऊन बावीस वर्षं झाली आणि बावीसही वेळा स्कॉटिश संघ हरला. आयरिश लोकांचं म्हणणं, इथे गॅस सापडायच्या आधीपासून ते हरतायत. मी सांगताना त्यात उंटांचा काळही धरतो.

हरण्याचं साहेबांना काही नव्हतं; त्यांचं दुखणं होतं फोनचं. साहेबांचा एक थोरला भाऊ आहे, गावी मेंढ्या पाळतो. दरवर्षी सामना संपला की साहेब गाडीत बसून त्याला फोन लावायचे. तीन वर्षं मी तो फोन शेजारी बसून ऐकला आहे. भाऊ विचारायचा, "हरलात?" साहेब म्हणायचे, "हरलो." भाऊ म्हणायचा, "बरं." आणि फोन ठेवायचा. एवढंच. शिवीगाळ केली असती तरी परवडलं असतं.

यंदा साहेब निवृत्त होत होते. पंधरा दिवसांत कायमचे परत, आणि घर घेतलं होतं ते भावाच्या समोरचं. कॅबिनमध्ये एकदा चहा थंड होईपर्यंत खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यंदाही हरलो ना, तर उरलेलं आयुष्य हा माणूस रोज सकाळी फाटकापाशी उभा राहून माझ्याकडे बघणार." अकरा वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल उच्चारलेलं सगळ्यांत लांब वाक्य ते हेच.

त्यात सामन्याच्या दिवशी सकाळी आठव्या गड्याने बुटाची नाडी बांधायला कंबर वाकवली ती वाकलेलीच राहिली. त्याला तसाच, काटकोनात, गाडीत घालून घरी नेला म्हणे.

साहेबांचा फोन आला तेव्हा आम्ही अल अझीझियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवायला बसलो होतो. फोन स्पीकरवर होता.

"तुझं वजन किती?"

"नव्वद," मी म्हणालो.

"एकशे बारा!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. तिला इंग्रजी कळत नाही असं ती सोयीने सांगते.

"यल्ला, ये," साहेब म्हणाले. यल्ला म्हणजे अरबीत 'चल'.

आई गेली तेव्हा याच माणसाने माझं सामान स्वतःच्या गाडीत टाकून मला विमानतळावर सोडलं होतं, आणि माझं एक महिन्याचं काम कोणाला न सांगता स्वतः केलं होतं. त्याच्या 'यल्ला'ला मी हातातला घास ठेवून उठलो. म्हणजे तो घास खाल्ला, पुढचा ठेवला.

आणि इथे अध्यक्षांनी नियमावली काढलेली. आठही गडी स्कॉटिश वंशाचे हवेत, हा पहिला नियम. तो कोणी केला? अध्यक्षांनीच.

"चूक आहे का सांगा!" ते आता मैदानाला उद्देशून ओरडत होते. "उद्या कोणीही येऊन दोर धरेल!"

मैदानात बायकापोरं धरून साठेक माणसं असतील. माझी बायको घडीच्या खुर्चीत डबा मांडीवर घेऊन बसलेली. शेजारी मुलगी, मोबाईल माझ्याकडे रोखून. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. मी तिच्याकडे पाहून हसलो. ती म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट."

एवढ्यात आयरिश संघाच्या कप्तान पुढे आल्या. ठेंगण्या, गोल, गळ्यात शिट्टी. इथल्या एका शाळेत गणित शिकवतात. त्या दोर ओढत नाहीत; त्या ओढणाऱ्यांना ओरडतात, आणि ओढणारे त्या भीतीने जिंकतात.

"हरकत घ्यायचा हक्क माझा," बाई म्हणाल्या. "विरुद्ध संघ मी आहे. तुम्ही स्वतःच्याच गड्यावर काय हरकत घेताय? बरं, घ्या. पण आधी व्याख्या द्या, मग सिद्धता मागा. स्कॉटिश म्हणजे कोण?"

"हा काय प्रश्न झाला? ज्याचे पूर्वज आधीपासून तिथलेच, तो."

"आधीपासून म्हणजे कधीपासून?" मी विचारलं.

इथे मला थोडं मागे जावं लागेल. आमच्या सांगलीकडे हेळवी येतात. पिढ्यान्‌पिढ्या घराघराच्या वंशावळी सांभाळायच्या, हाच त्यांचा धंदा. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवरून येतात. सुगी झाली की दारात बसायचं, वही उघडायची आणि घराण्याचं मूळ गाव कुठलं, तिथून कोण उठलं, का उठलं, कोणाला किती मुलं, सगळं एका सुरात गाऊन सांगायचं. माझ्या आजोबांची ठाम समजूत, की आमचं घर या मातीत आंब्याच्या झाडासारखं उगवलं. हेळव्याने वही उघडली आणि गाऊन सांगितलं, तुमचं मूळ पार कर्नाटकात, तिथून दुष्काळात उठलात, मग एका गावी भांडण करून उठलात, दुसऱ्या गावी लग्न करून राहिलात, तिथूनही उठलात, हे पाचवं. आजोबा एवढे भडकले की गोठ्यातली म्हैस दोन दिवस आटली. हेळवी शांत. शेवटी आजोबांनीच त्याला पायलीभर जोंधळे घातले आणि म्हणाले, पुन्हा एकदा सांग, नीट ऐकतो.

तर हेळव्याचं हे सगळं मैदानाला सांगून मी दोर खाली ठेवला, मांडी घालून वाळूत बसलो, डावा हात वहीसारखा समोर धरला आणि त्याच सुरात, इंग्रजीत, स्कॉटलंडची वंशावळ लावली. माझ्यापाशी वही नव्हती, पण अकरा वर्षांचा चहा होता.

"पहिले पिक्त. अंगावर चित्रं काढायचे म्हणतात. कुठून आले, धड कोणालाच माहीत नाही. मग पश्चिमेला आयर्लंडहून होड्या घेऊन आले ते गेल. 'स्कॉट' हे नावच मुळात त्यांचं. पाहुण्याचं नाव घराला लागलं!"

"आमचेच ते!" कप्तानबाई ओरडल्या. आयरिश बाजूने आरोळी उठली.

"दक्षिणेला ब्रिटन नावाचे लोक, वेल्श लोकांचे चुलतभाऊ. पूर्वेकडून अँगल आले, येताना इंग्रजी घेऊन आले, ती अजून आपण भोगतोय. उत्तरेच्या बेटांवर नॉर्वेचे वायकिंग. लुटायला आले, जागा आवडली, मेंढ्या पाळून राहिले. त्यातली बेटं पुढे त्यांच्याच राजाने मुलीच्या हुंड्यापोटी गहाण टाकली आणि सोडवायची विसरला. मग स्कॉटलंडच्या राजाने बोलावले म्हणून नॉर्मन सरदार आले, त्यांच्या मागोमाग बेल्जियमकडच्या फ्लँडर्सचे विणकर…"

"अध्यक्ष," साहेब मधेच, अगदी सहज म्हणाले, "तुमचं आडनाव फ्लँडर्सचं ना?"

अध्यक्षांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याहून लाल, मग असा काही रंग झाला की त्याचं नाव कोणत्याच भाषेत नाही.

"त्याला आठशे वर्षं झाली!"

"म्हणजे आठशे चालतात," कप्तानबाईंनी बोटावर आकडा धरला. "त्याहून कमी किती चालतात? तू, दाढीवाल्या!"

दाढीवाला गडी शेटलंडचा, त्या उत्तरेच्याच बेटांवरचा. त्याच्या दाढीत कबुतराने घरटं केलं तरी त्याला सणासुदीलाच कळलं असतं. तो म्हणाला, माझी आजी नॉर्वेची. त्याच्यामागचा क्रेनवाला म्हणाला, माझे आजोबा इटलीहून ग्लासगोला आले, आईस्क्रीमचं दुकान काढलं, घरात अजून भांडण इटालियनमध्येच होतं. तिसऱ्याचे पणजोबा लिथुआनियाहून कोळशाच्या खाणीत कामाला आलेले. चौथा मान खाली घालून पुटपुटला.

"मोठ्याने!" बाईंनी शाळेतल्यासारखं दटावलं.

"दोन्हीकडचे आजी-आजोबा. चौघंही. आयर्लंडचे."

"अरे, मग तू तिकडे काय करतोस?" आयरिश संघातून कोणीतरी ओरडलं आणि खसखस पिकली.

"ते सगळं ठीक आहे!" अध्यक्ष आता कळवळून बोलत होते. "पण त्यांची माणसं तिथे आली तरी! हा कधी स्कॉटलंडला गेलाय का?"

गेलो नव्हतो. मेंढ्यांचे फोटो पाहिले होते. पण हेळव्याची गादी एकदा चालवली की माणसाला थांबता येत नाही.

"अध्यक्षमहाराज," मी म्हणालो, "तुमच्याच जुन्या पोथ्यांत लिहिलंय की तुमची मूळमाता मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, फारोची मुलगी. नवऱ्याबरोबर मिसरहून निघाली, फिरत फिरत स्पेन, तिथून तिची पोरं आयर्लंड, मग स्कॉटलंड. बरोबर? आता वाटेत तिचे मुक्काम कुठे कुठे झाले, याची नोंद आहे का? नाही. मग एक मुक्काम सांगलीला पडला नसेल, हे तुम्ही कशावरून सांगता?"

"मिसरहून स्पेनला जाताना सांगली लागत नाही!"

"त्या काळी कुठले रस्ते बंद होते, तुम्हाला माहीत आहे?"

साहेब इतका वेळ जमिनीकडे बघत होते. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. मी घाबरलो. हसत होते ते. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचे खालचे दात दिसले.

मग हसणं आवरून ते अध्यक्षांना म्हणाले, "हे बघा. यातला प्रत्येक जण कधीतरी पहिल्या दिवशी परका होता. तुमचा विणकरही. याचा पहिला दिवस आज, असं समजा."

अध्यक्षांनी कप्तानबाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "माझी हरकत नाही. हा आला तरी ते हरणारच आहेत. खलास. दोर उचला."

तीन डाव. दोन जिंकेल तो जिंकला.

पहिला डाव माझ्या बायकोने डब्याचं झाकण उघडून बंद करेपर्यंत आटपला. साहेब सगळ्यांत पुढे, मी सगळ्यांत मागे, दोर माझ्या पाठीवरून खांद्यावर. साहेब "पुल!" म्हणाले. दाढीवाल्याने ते ऐकायच्या आधीच ओढलं, क्रेनवाल्याने ऐकून विचार करून ओढलं, आणि चारही आजी-आजोबा आयर्लंडचे असलेल्याने ओढलं की नुसतं धरलं, याबद्दल मला अजून शंका आहे. आठ माणसांनी आठ वेळा ओढलं. आम्ही सरपटत गेलो. माझ्या पायांनी वाळूत दोन चर पडले, ते अजून असतील. पावसाळ्यात त्यांत मासे पडतील, पाऊस पडला तर.

"अहो, कंबर!" बायको ओरडली.

"आहे!" मी ओरडून सांगितलं.

अध्यक्ष रेघेजवळ हाताची घडी घालून उभे होते. 'बघा, मी म्हणालो होतो' हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, पण नेसलं होतं.

दुसरा डाव. पुन्हा साहेबांचं "पुल", पुन्हा आम्ही वीतवीत पुढे. दोराच्या मध्यावर बांधलेली लाल चिंधी त्यांच्या रेघेपासून हातभर. मला मागून साहेबांचं डोकं दिसत होतं, पांढरं, घामाने चिकटलेलं, आणि त्यापुढे, देवाशपथ सांगतो, मेंढ्यांचं फाटक दिसत होतं आणि फाटकापाशी तो भाऊ.

आणि साहेबांच्या तोंडून एकदम निघालं, "जोर लगाके!"

त्यांनी ठरवून म्हटलं नाही. ते निघालं. प्लँटवर जड सामान उचलणारी-ओढणारी जी माणसं असतात, रिगर, ती बिहारची, नेपाळची, बांगलादेशची, आंध्रची. कोणाची भाषा कोणाला येत नाही, पण पंप सरकवायचा असला की एक ओरडतो "जोर लगाके" आणि बाकीचे "हैशा", आणि चार टनांचं धूड मांजरासारखं जागेवर जाऊन बसतं. साहेबांनी बावीस वर्षं पंप बसवले ते या आरोळीवर. हाडात गेली होती.

"हैशा!" मी मागून दिलं.

आणि गंमत बघा, आठही जणांनी एकाच क्षणी ओढलं. ओढणारच! क्रेनवाला, दाढीवाला, लिथुआनियावाला, सगळे इथल्याच साइटवर म्हातारे झालेले. इंग्रजी 'पुल' त्यांच्या कानापर्यंत जायचं. 'हैशा' थेट टाचेत गेलं.

"जोर लगाके!"

"हैशा!"

चिंधी थांबली. मग मागे आली. कप्तानबाईंची शिट्टी तोंडातून पडली. डाव आमचा.

"ही स्कॉटिश आरोळी नाही!" आयरिश संघातला एक जण ओरडला.

आणि अध्यक्ष, हो, आमचे अध्यक्ष, नियमावलीची सुरळी करून त्याच्या अंगावर धावले. "कोणत्या नियमात लिहिलंय? दाखव! कलम दाखव!"

तिसरा डाव किती वेळ चालला, हे मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून कमी करून सांगतो: दीड तास. बायको म्हणते तीन मिनिटं. मुलीच्या मोबाईलमध्येही तीनच मिनिटं भरतात. त्या मोबाईलमध्ये काहीतरी बिघाड आहे. दोराने माझ्या खांद्याची साल काढली. ओढणी फाटली. साठ माणसं "हैशा" करत होती, त्यात खजुराच्या शेतातले दोन माळी कुंपणाला लटकून, आणि सगळ्यांत वरचा आवाज अध्यक्षांचा. ते 'ह'वर एवढा जोर देत होते की तो फ्लँडर्सपर्यंत ऐकू गेला असेल. माझी मुलगी चक्क मराठीत ओरडत होती, "बाबा, ओढ! ओढ ना!"

चिंधी आमच्या रेघेवरून आली आणि आम्ही आठही जण उलथेपालथे एकमेकांच्या अंगावर पडलो. सगळ्यांत खाली मी. वरचे सात म्हणाले, गादी चांगली आहे.

त्यानंतर जो दंगा झाला, तो झाला. कप्तानबाईंनी माझ्या पाठीत थाप मारली आणि जाहीर केलं की स्कॉट मुळात आयरिश असल्यामुळे आयर्लंड दोन्ही बाजूंनी जिंकलं आहे. अध्यक्षांनी कागदावर आठवं नाव लिहिलं आणि 'मूळ गाव' या रकान्यापाशी पेन धरून मला विचारलं, "सांगलीच ना? की आधी कर्नाटक लिहू?" माणूस कान देऊन ऐकत होता तर.

साहेब मात्र दिसेनात. शोधलं तर गाडीच्या सावलीत वाळूवर बसलेले, तळहात सोललेले, मांडीवर फोन. मी जवळ जाऊन बसलो. बायकोने न बोलता दोघांच्या हातात एकेक घडीची पोळी दिली. साहेबांनी भावाला फोन लावला, बोट सोललेलं म्हणून स्पीकरवर टाकला आणि मांडीवरच ठेवला. मागोमाग बाकीचे सहा गडीही येऊन उभे राहिले.

पलीकडे वारा ऐकू येत होता आणि एक मेंढी.

"हरलात?" भावाने विचारलं.

"जिंकलो," साहेब म्हणाले.

मेंढी दोनदा ओरडली. बावीस वर्षांत भावावर दुसरं वाक्य शोधायची वेळ आलीच नव्हती, शोधत असावा.

"बाहेरचा कोण घेतला होता?" शेवटी तो म्हणाला.

साहेबांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. दाढीकडे, क्रेनवाल्याकडे, लिथुआनियाकडे, चारही आजी-आजोबा आयर्लंडचे असलेल्याकडे. मग माझ्या कमरेच्या फाटक्या ओढणीकडे.

"कोणी नाही," ते म्हणाले. "आठही घरचेच."